आबांनी हात केला होता

आमच्या मराठी मंडळाच्या चिटणिसाने मला फसवलं. मी माझा शब्द पाळला, त्याने त्याचा मोडला, आणि शिक्षा माझ्या वडिलांना झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असलं काही मला ऐकवायला नको. इथे एकाच हाताला लागलं, तो आबांचा.

मी भाजीचा धंदा करते. वेंटवर्थव्हिलला माझं दुकान आहे. अकाउंटिंग शिकायला या देशात आले, शिकले, आणि एकाही ऑफिसने दारात उभं केलं नाही. मग दुसऱ्याच्या दुकानात कुजके कांदे निवडण्यापासून सुरुवात केली. आता फ्लेमिंग्टनच्या घाऊक बाजारात मी शिरले की व्यापारी एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात. भेंडीची पेटी तळापर्यंत उपसल्याशिवाय मी भाव बोलत नाही. वर कोवळी आणि खाली जून, ही कला सगळ्या देशांत सारखीच येते.

हे मी आबांकडून शिकले. माझे वडील जन्मभर तालुक्याच्या जनावरांच्या बाजारात दलाली करत होते. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. देणारा आणि घेणारा उपरण्याखाली हातात हात घ्यायचे, बोटं दाबून आकडा सांगायचे, आणि जमलं की उपरणं बाजूला करून चारचौघांत हातावर हात मारायचे. त्यानंतर घरी जाऊन बैल लंगडला तरी सौदा फिरत नसे. कागद नाही, सही नाही. ज्याने फिरवला त्याच्या हातावर पुढच्या बाजारी कुणी उपरणं टाकत नसे, तो माणूस मग नुसता चहा पिऊन घरी जायचा.

आई गेल्यावर मी आबांना व्हिजिटर व्हिसावर क्वेकर्स हिलला आणलं. त्यांना इंग्रजी येत नाही. टीव्हीवरचं क्रिकेट सोडलं तर त्यांना या देशात काहीच कळत नव्हतं, आणि कुणाला त्यांची गरजही नव्हती. एक काम मात्र त्यांनी स्वतःहून घेतलं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिची शाळेची बस आमच्या घरासमोरच्या रस्त्याच्या पलीकडे थांबायची. तिला तिथून आणायला आबा जायचे. जेवण झालं की इस्त्रीचा सदरा, टोपी, वर माझ्या नवऱ्याचं जुनं जाकीट, आणि बस यायच्या कितीतरी आधी माणूस स्टॉपवर हजर. मी त्यांना बजावलं होतं, “आबा, बस निघून जाईपर्यंत ओलांडायचं नाही. रस्ता मोकळा दिसला की मगच.” ते तसंच करायचे. परत येताना नातीचं दप्तर त्यांच्या खांद्याला असायचं आणि ती त्यांना दिवसभरातलं सगळं इंग्रजीत सांगायची. ते सगळ्याला “असं होय?” म्हणायचे.

आता दिव्यांचं सांगते, कारण सगळा प्रश्न त्यांचाच आहे. इथे शाळेची बस मुलांना उतरवायला थांबली की तिच्या पाठीवरचे दोन दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागतात. त्यांच्याजवळ चाळीसचा आकडा लिहिलेला असतो. ते लुकलुकत असताना मागून येणाऱ्या गाडीने बसला ओलांडायचं तर चाळीसच्या वर जायचं नाही. रस्ता साठचा असो, सत्तरचा असो. शाळेच्या दारातल्या पट्ट्यात सगळे शहाण्यासारखे चाळीसने जातात, कारण तिथे कॅमेरा असतो. आमचा स्टॉप शाळेपासून लांब, साठच्या रस्त्यावर. तिथे कॅमेरा नाही, फक्त मुलं असतात.

त्या दुपारी मी बाजारातून येऊन व्हॅन ड्राइव्हवेवर लावली होती आणि रिकामे क्रेट उतरवत होते. समोर बस थांबलेली. एका छोट्याची टोपी आत राहिली म्हणून तो परत वर चढला होता, त्यामुळे बस निघेना. आबा थोडा वेळ थांबले. मग बसच्या ड्रायव्हरने त्यांना हाताने ‘जा पुढे’ अशी खूण केली. रोजचा ओळखीचा माणूस, बिचाऱ्याने भल्यासाठीच केली. आबांनी नातीला डाव्या हाताला घेतलं आणि बसच्या पुढून निघाले. बसची कड संपली तिथे त्यांनी उजवा पंजा वर केला आणि रस्त्यात पाऊल टाकलं.

हा पंजा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आपल्याकडे रस्ता असाच ओलांडतात. हात दाखवायचा आणि चालायला लागायचं. ट्रकवाला शिव्या देतो, पण थांबतो. आबांनी तर या हाताने बुजलेले खोंड थोपवलेत. इथल्या ड्रायव्हरला मात्र या हाताचा अर्थच माहीत नाही, आणि ज्याला माहीत होता तो नेमका गाडी चालवत होता.

राखाडी रंगाची मोठी गाडी बसच्या मागून आली. ती जराही हळू झाली नाही. बसचे दिवे लुकलुकत होते, मी समोरून बघत होते, त्यांचा उजेड त्या गाडीच्या बॉनेटवर पडलेला मला दिसत होता. गाडीच्या डाव्या आरशाने आबांच्या पंजावर फटका मारला. आरसा मिटला. आबा खाली बसले, पडले नाहीत, बसले, आणि डाव्या हाताने पोरीला त्यांनी असं काही मागे ओढलं होतं की तिच्या दंडावर त्यांची बोटं उमटली.

मी रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. गाडी पुढे जाऊन थांबली आणि आतून आमच्या मंडळाचा चिटणीस उतरला. पुण्याचा, आयटीतला, दर शनिवारी माझ्याकडून मेथी नेणारा. मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला, पण त्याच्या आधी तोंडातून निघायचं ते निघून गेलं होतं.

“अहो काका, असं मध्येच कसं आलात तुम्ही?”

आबा म्हणाले, “हात केला होता की मी.”

“तू किती वेगात होतास?” मी विचारलं.

“ताई, हा साठचा रोड आहे.”

“आणि ते मागे काय दिवाळी लागलीय?”

त्याने वळून दिवे पाहिले. तेव्हा कुठे पाहिले. बसचा ड्रायव्हर खाली उतरला होता. त्याने आबांना हाताला धरून फुटपाथवर बसवलं आणि मला म्हणाला, “मी सगळं पाहिलंय. पोलिसांना बोलावू? मी सांगतो त्यांना.” माझ्या हातात फोन होताच.

चिटणीस मराठीत कुजबुजायला लागला. “ताई, प्लीज. माझा सिटीझनशिपचा अर्ज आत आहे. पोलीस रेकॉर्ड लागलं तर सगळं अडकेल. बायको, पोरं, सगळ्यांचं. दवाखान्याचा जो काय खर्च असेल तो माझा.”

“तुझ्या पैशांनी माझ्या बापाला बँडेज बांधू मी?”

“मग काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते.”

‘तुम्ही म्हणाल ते’ असं म्हणणारा माणूस बाजारात सापडला की मी खूश होते. मी भाव सांगितला. मंडळाचा गणपती जवळ आला होता. शाळेचा हॉल भरतो, जवळजवळ सगळे गाडीवाले, जवळजवळ सगळ्यांची पोरं बसने जाणारी, आणि माईक कायम याच्या हातात. मी म्हटलं, आरती झाल्यावर तू स्टेजवर उभा राहायचंस. सांगायचंस की बसचे दिवे चालू असताना मी साठने पुढे काढली, एका म्हाताऱ्या माणसाला लागलं, चूक माझी होती, आणि तुम्ही सगळे असंच चालवता म्हणून सांगतोय. नाव आबांचं घ्यायचं नाही, स्वतःचं घ्यायचं. त्याबदली मी फोन खिशात ठेवते आणि या साक्षीदाराला घरी पाठवते.

तो म्हणाला, “नक्की. शंभर टक्के.” त्याने हात पुढे केला. मी त्यावर हात मारला. आबा फुटपाथवरून बघत होते. त्यांनी मान हलवली, सौदा झाल्यावर हलवायचे तशी.

बसच्या ड्रायव्हरला मी सांगितलं, थँक यू, नको. तो खांदे उडवून बसमध्ये चढला. माझ्याकडे साक्षीदार होता, पंजावरचा वळ होता, आणि मी ते सगळं सौद्यात घातलं. माझा माल मी जागेवर पोचता केला.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरने क्रेप बँडेज बांधलं आणि हात गळ्यात अडकवायला सांगितला. पोरगी रात्री जेवताना एकदम म्हणाली, “आबा डिड नथिंग राँग. द कार डिड.” आबांनी मला विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं. ते म्हणाले, “असं होय?”

गणपतीच्या दिवशी आबा तिसऱ्या रांगेत बसले होते, गळ्यात हात, डोक्यावर टोपी. मीच त्यांना पुढे बसवलं होतं, नीट ऐकू यावं म्हणून. आरती झाली, मुलांचे नाच झाले, मग चिटणीस माईक घेऊन आला आणि मागे पडद्यावर स्लाइड लागली. ‘सुरक्षित शाळा, सुरक्षित मुलं.’

पहिल्या स्लाइडवर एक कार्टून होतं. टोपीवाला म्हातारा, एक हात वर, दुसऱ्या हाताला नात. त्यावर लाल फुली.

“मंडळी,” तो म्हणाला, “आपले आजी-आजोबा प्रेमाने नातवंडांना आणायला जातात. पण हा काही लक्ष्मी रोड नाहीये!” हॉल हसला. त्याने पंजा वर करून दोन पावलं चालून दाखवलं. हॉल आणखी हसला. “परवाच आपल्या क्वेकर्स हिलमध्ये एक प्रसंग थोडक्यात टळला. ड्रायव्हरने प्रसंगावधान दाखवलं म्हणून.”

प्रसंगावधान! दिव्यांचं नाव नाही, चाळीसचं नाव नाही, गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव नाही. हॉलमधल्या माना वळायला लागल्या. गळ्यात हात असलेला, टोपीवाला म्हातारा तिथे एकच होता.

आबांनी मला हळूच विचारलं, “माझंच सांगतोय का गं तो?”

मी उठले. आबांनी डाव्या हाताने माझा पदर खेचला. “बस खाली. देवापुढं तमाशा नको.” मी बसले, ते फक्त त्यांच्यासाठी. नाहीतर त्या दिवशी तो माईक मी त्याच्या घशात घातला असता.

प्रसादाच्या रांगेत लोक आबांना भेटायला आले. फार प्रेमाने. “काका, इथे असं हात दाखवून चालत नाही हं.” “काका, आपलं वय झालं आता.” एक बाई तर त्यांच्या पाया पडून म्हणाली, “जपा हो, नातीचा जीव आहे.” आबा सगळ्यांना “हो, हो” म्हणत होते. ज्यांनी जन्मात कधी बसचे दिवे बघून ब्रेकवर पाय ठेवला नाही, ती माणसं माझ्या बापाला रस्ता शिकवत होती.

चिटणिसाला मी कार पार्कमध्ये गाठलं.

“हे ठरलं होतं?”

“ताई, मुद्दा तर मांडला ना मी? अवेअरनेस झाला की नाही?”

“कुणाचा? गाडी आबा चालवत होते?”

“लोकांना घाबरवून चालत नाही हो. पॉझिटिव्ह मेसेज द्यायचा असतो. आणि समजा मी कबूल केलं आणि कुणी व्हिडिओ काढून टाकला, तर?”

“हे तुला हातावर हात मारायच्या आधी सुचलं नाही?”

तो हसला. खरंच हसला. “ताई, तो शेकहँड होता.”

माझ्या धंद्यात मला भल्याभल्यांनी जून भेंडी विकायचा प्रयत्न केलाय. इतका निगरगट्ट माणूस मला आजवर भेटला नव्हता.

त्यानंतर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठराव आला: आजी-आजोबांना एकटं स्टॉपवर पाठवू नये. खाली अंगठ्यांची रांग. गाडीवाल्यांनी काय करावं याबद्दल एक ओळ नव्हती. ती मी लिहिली. तिला एकही अंगठा आला नाही. आबांना ठरावाचं मी सांगितलं नव्हतं, पण स्टॉपवर एका बापाने त्यांना सांगितलं, “काका, तुम्ही घरी थांबा, मी आणून सोडतो तिला.” दुसऱ्या दिवशी आबा जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसले. सदरा घरातलाच होता. बस आल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आबा, चला, मी येते बरोबर,” मी म्हणायची.

“नको. लोक बघतात.”

व्हिसाचे महिने बाकी होते. त्यांनी तिकीट अलीकडचं करायला लावलं. विमानतळावर नातीने त्यांचा उजवा हात धरला होता. तो बरा झाला होता. मूठ नीट वळत नव्हती एवढंच.

आबा गेले आणि मी दुकानात एक नवीन नियम काढला. माझ्याकडे भाजीवर कोथिंबीर फुकट मिळायची. आता मी गल्ल्यावर विचारायला लागले: शाळेच्या बसचे मागचे दिवे लुकलुकले की काय करायचं? बरोबर सांगा, कोथिंबीर घेऊन जा.

“ते दिवे ना? बस वळणार असते.”

“बिघडली असेल.”

एक गृहस्थ, मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर, मला समजावत म्हणाले, “बस थांबली की पटकन पुढे काढायची. एकदा मागे अडकलो की मग प्रत्येक स्टॉपला अडकायचं.”

“आणि तिच्यापुढून पोर आलं तर?”

“असं कसं येईल? त्यांना शिकवलेलं असतं ना शाळेत.”

पोरांना शिकवलेलं असतं. म्हाताऱ्यांना समजावलेलं असतं. स्टीअरिंग धरलेल्याला मात्र कुणी काही सांगायचं नाही, कारण त्याला घाई असते. त्या महिन्यात मी कोथिंबिरीच्या जुड्याच्या जुड्या वाळवून फेकल्या. फेकेन, पण चुकीच्या उत्तराला देणार नाही. काही गिऱ्हाईकं तुटली. तुटू देत. काहींनी मात्र पुढच्या खेपेला येऊन दारातूनच “चाळीस!” म्हणून ओरडायला सुरुवात केली. त्यांना मी वर चार मिरच्यापण घातल्या.

गेल्या महिन्यात चिटणीस दुकानात आला. मधे बरेच दिवस मेथी दुसरीकडून नेत होता. हातात पेढ्यांचा बॉक्स. दुकान भरलेलं.

“ताई, तोंड गोड करा. सिटीझन झालो.”

मी बॉक्सला हात लावला नाही. म्हटलं, “आधी माझं एक उत्तर दे. सगळ्यांना विचारते मी. बसचे दिवे लुकलुकले की?”

“चाळीस,” तो लगेच म्हणाला. क्षणभरही विचार करावा लागला नाही त्याला. सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी कोथिंबिरीची जुडी गल्ल्यावर ठेवली.

“तुला माहीत होतं. मग त्या दिवशी?”

हसणं थांबलं. तो म्हणाला, “ताई, ते झालं गेलं. तुम्ही फार ताणून धरता.”

“त्या दिवशी वेग किती होता?”

त्याने जुडी उचलली नाही. पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि गेला.

रात्री आबांचा फोन आला. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ दे.” मग त्यांनी विचारलं, “पोरीला आता कोण आणतं?” ती आता शाळेतच थांबते, आफ्टर स्कूल केअरला. मी दुकान आवरून तिला घेते. आमच्या स्टॉपवर बस अजून थांबते, दिवे अजून लुकलुकतात, आणि घरी लवकर आले तर ड्राइव्हवेवरून मी बघते. गाड्या बाजूने सरळ साठने जातात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागच्या काचेला आमच्या मंडळाचं स्टिकर असतं.

तर चिटणीस महाशय, आता अर्ज मंजूर झालाय. पासपोर्ट काढशील, मतदान करशील, तुला कुणी कुठे पाठवू शकत नाही. ज्या भीतीवर मी तुला सवलत दिली ती भीती संपली, सौदा संपलेला नाही. पुन्हा गणपती येतोय, तोच हॉल आहे, माईक तुझ्याच हातात आहे. मी आबांना फोन लावून तो स्पीकरजवळ धरीन. तू उभा राहा, आणि ज्या लोकांना हसवलंस त्यांनाच सांग, दिवे चालू असताना ती गाडी कोण चालवत होतं, किती वेगाने, आणि चूक कुणाची. आरतीआधी सांगतोस की आरतीनंतर, तेवढं फक्त कळव.